पंचांना बोलू द्या : कॉलेज फुटबॉलच्या कॉन्फरन्स आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
आयुक्त, साउथईस्टर्न, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (विद्यापीठ संघांचे गट)

विषय : मैदानावर निर्णय बदलताना पंचांनी द्यावयाच्या स्पष्टीकरणाबाबत

महोदय,

ऑस्टिन येथे 19 ऑक्टोबर 2024 रोजी टेक्सास आणि जॉर्जिया या विद्यापीठ संघांत झालेल्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पंचांनी एक निर्णय दिला, मग मैदानात बाटल्या पडल्या आणि मग पंचांनी तो निर्णय मागे घेतला. स्टेडियममध्ये बसलेल्या लाखभर लोकांना आणि टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्यांना या तीन गोष्टी याच क्रमाने दिसल्या. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीच्या दरम्यान पंचांच्या घोळक्यात कोण काय बोलले, कोणी काय पाहिले होते आणि कोणाच्या सांगण्यावरून निर्णय फिरला, हे मात्र त्या वेळी मैदानावर कोणी सांगितले नाही. हे पत्र त्या मधल्या मोकळ्या जागेबद्दल आहे.

मी टेक्सासमध्ये राहणारा एक मराठी पालक आहे. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा खेळ अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण मुले इथल्या विद्यापीठांत शिकू लागली की शनिवार आपोआप फुटबॉलचा होतो, आणि ह्यूस्टन, कोलंबस, अटलांटा किंवा अ‍ॅन आर्बरच्या मराठी घरांतही चौथ्या डाउनला (दहा यार्ड गाठायच्या चार संधींपैकी शेवटच्या संधीला) चेंडू लाथाडून द्यायचा की धाव घ्यायची यावर जेवताना वाद रंगू लागतात. त्या घरांपर्यंत पोहोचावे म्हणून पत्र मराठीत लिहिले आहे; इंग्रजी मसुदा आपल्या कार्यालयांकडे वेगळा पाठवत आहे. पक्षपाताचा संशय नको म्हणून हेही आधीच सांगतो, की माझी मुलगी ऑस्टिनलाच शिकते आणि त्या संध्याकाळी ती विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्येच होती. आपण काहीही फेकले नाही असे ती म्हणते, आणि मी ते खरे मानून चाललो आहे.

तो प्रसंग एकदा बारकाईने पाहू. तिसरे क्वार्टर चालू होते आणि टेक्सास 8–23 असे मागे होते. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक याने फेकलेला चेंडू टेक्सासच्या जाहडे बॅरनने मधल्यामध्ये पटकावला आणि जॉर्जियाच्या गोल रेषेपासून नऊ यार्डांपर्यंत पळवत नेला. स्टेडियम उसळले, आणि तेवढ्यात पिवळा फ्लॅग, म्हणजे नियमभंगाची खूण म्हणून पंच टाकतात ते फडके, पडलेला दिसला. बॅरनने पास इंटरफिअरन्स (चेंडू झेलू पाहणाऱ्याला नियमबाह्य अडथळा) केला, सबब चेंडू पुन्हा जॉर्जियाकडे, असा निर्णय झाला. रिप्लेमध्ये बॅरनचा दोष फारसा कोणाला दिसेना. विद्यार्थ्यांच्या कोपऱ्यातून बाटल्या आणि कचरा मैदानात येऊ लागला. टेक्सासचे प्रशिक्षक स्टीव्ह सार्किसियन स्वतः त्या बाजूला जाऊन मुलांना आवरू लागले. सफाई चालू असताना पंच गोल करून बोलत उभे राहिले, आणि त्यानंतर मुख्य पंचाने माइकवरून जाहीर केले की फाउल नव्हता, चेंडू टेक्सासचाच. थोड्याच वेळात टेक्सासने टचडाउन केला (चेंडू गोल रेषेपलीकडे नेला) आणि फरक आठ गुणांवर आला. अखेर जॉर्जियाच 30–15 असे जिंकले, म्हणून प्रकरण आठवड्याभरात निवळले. टेक्सास जिंकले असते तर आपल्या कार्यालयांचे फोन नाताळपर्यंत वाजत राहिले असते.

माझ्या मते पंचांचा दुसरा निर्णय बरोबर होता. पास इंटरफिअरन्स झाला की नाही हे रिप्लेवरून ठरवता येत नाही, हा आपलाच नियम. त्यामुळे मैदानावरच्या आठ जणांनी एकमेकांशी बोलूनच चूक सुधारायची असते, आणि तसे बोलण्याची त्यांना मुभा आहे. प्रश्न क्रमाचा आहे. ही चर्चा बाटल्या पडण्याआधी सुरू झाली होती का? दुसऱ्या कोपऱ्यातून पाहणारा एखादा पंच लगेच पुढे आला होता का, की मोठ्या पडद्यावरचा रिप्ले पाहून आणि गर्दीचा आवाज ऐकून कोणाचे मन बदलले? पहिले उत्तर खरे असेल तर त्या पंचांचे कौतुक व्हायला हवे. दुसरे खरे असेल तर तो सामना चालवण्याचा अधिकार काही मिनिटांपुरता स्टँडकडे गेला होता. माइकवरचे एक वाक्य हा भेद स्पष्ट करू शकले असते.

दुसऱ्या दिवशी साउथईस्टर्न कॉन्फरन्सने टेक्सास विद्यापीठाला अडीच लाख डॉलरचा दंड केला, बाटल्या फेकणाऱ्यांना शोधून त्यांना उरलेल्या वर्षासाठी सामन्यांना येण्यास बंदी घालण्यास सांगितले, आणि पंचांबद्दल मूळ पेनल्टीचे मूल्यमापन नीट झाले नव्हते अशा अर्थाचे मोघम विधान केले. दंड योग्यच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी त्याच रात्री बोलून दाखवलेली भीती, की मैदानात वस्तू फेकल्या तर निर्णय फिरू शकतो असा पायंडा आता पडला, तिला या पत्रकात उत्तर नव्हते. प्रेक्षकांच्या वागण्याची सविस्तर दखल घेतली गेली आणि पंचांच्या वागण्यावर एका वाक्याचे पांघरूण पडले.

आम्हा भारतीयांना यात जुनी ओळख पटते. 13 मार्च 1996 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे गडी कोसळू लागले तेव्हा बाटल्या पडल्या, स्टँडमध्ये जाळपोळ झाली, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. निर्णय झोंबला, अजूनही झोंबतो. पण का झाला याबद्दल कोणाच्या मनात शंका राहिली नाही. ऑस्टिनमध्ये याच्या नेमके उलटे घडले. यजमान प्रेक्षकांना हवा होता तो निर्णय मिळाला आणि त्याचे कारण गुलदस्त्यात राहिले.

पंचांकडून चुका होऊच नयेत, अशी माझी मागणी नाही. एका खेळीत बावीस माणसे एकमेकांवर आदळतात आणि सगळे काही पाच-सहा सेकंदांत उरकते. 1990 साली मिझुरीच्या फॉरो फील्डवर कोलोरॅडोला चारऐवजी पाच डाउन मिळाले. मधल्या टाइमआउटनंतर कडेला उभ्या असलेल्या डाउन दाखवणाऱ्या खांबावरचा आकडा बदलायचा राहून गेला, आणि सात पंचांपैकी एकाच्याही बोटांनी हिशेब ठेवला नाही. शेवटच्या, म्हणजे पाचव्या, डाउनला कोलोरॅडोचा चार्ल्स जॉन्सन गोल रेषेवर झेपावला, कोलोरॅडो 33–31 असे जिंकले आणि पुढे त्या वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मतदानात राष्ट्रीय विजेते ठरले. याच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, 1940 मध्ये, कॉर्नेललाही डार्टमथविरुद्ध असाच पाचवा डाउन मिळाला होता. तेव्हा चित्रफीत पाहून पंच रेड फ्रीझेल यांनी चूक कबूल केली आणि कॉर्नेलने आपणहून तार पाठवून विजय सोडून दिला. निकाल 7–3 ऐवजी 0–3 झाला. तो काळ परत येणार नाही, आणि कोणत्याही प्रशिक्षकाने आज विजय परत करावा अशी अपेक्षा ठेवण्याइतका मी भोळा नाही. पण फ्रीझेल यांनी पाहिले, तपासले आणि जाहीरपणे सांगितले, या तीन पायऱ्या आजही कोणालाही जमण्याजोग्या आहेत, आणि आता तर प्रत्येक कोनातून चित्रण होते.

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सला हे मी शिकवण्याची गरज नाही, कारण 2015 मध्ये त्यांनीच ते लिहून ठेवले आहे. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला डरहॅममध्ये ड्यूक 27–24 असे पुढे असताना सहा सेकंद उरले होते. मायामीने किकऑफ झेलला, आठ वेळा चेंडू बाजूला किंवा मागे एकमेकांकडे फेकला आणि शेवटी कॉर्न एल्डर तो घेऊन एंड झोनमध्ये (गोल रेषेमागच्या पट्ट्यात) पोहोचला. मध्येच पाठीमागून धक्का दिल्याबद्दल फ्लॅग पडला होता. नऊ-एक मिनिटे चर्चा आणि रिप्ले चालल्यावर तो फ्लॅग उचलला गेला आणि मायामीला 30–27 असा विजय मिळाला. दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्सने चार चुका मान्य केल्या. मायामीच्या एका खेळाडूचा गुडघा चेंडू सोडण्याआधी टेकला होता आणि रिप्लेवाल्यांनी ते सोडून दिले. दुसऱ्या एका जागी झालेला बेकायदा धक्का दिसलाच नाही. एक राखीव खेळाडू खेळ संपण्याआधी मैदानात शिरला. आणि चौथी चूक, जी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, ती अशी की फ्लॅग का उचलला हे मुख्य पंचाने नीट सांगितले नाही. गंमत म्हणजे तो फ्लॅग उचलणे योग्यच होते, असे त्याच पत्रकाने म्हटले. म्हणजे बरोबर निर्णय, आणि तो न समजावल्याबद्दल दोष. ऑस्टिनच्या प्रसंगाला हेच वाक्य शब्दशः लागू पडते, तरीही नऊ वर्षांनंतर दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये ते कोणाला आठवले नाही. चार कॉन्फरन्स, पंचांचे चार समन्वयक, आणि एकाचा धडा दुसऱ्याच्या वहीत उतरत नाही.

ड्यूकच्या सामन्यातल्या सगळ्या पंचांना दोन सामन्यांसाठी निलंबित केले गेले, निकाल तसाच राहिला. त्याआधी 2009 मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सने एका संपूर्ण चमूला घरी बसवले होते. जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने लुइझियाना स्टेटविरुद्ध शेवटच्या दीड मिनिटात टचडाउन झेलला, त्यावर अति जल्लोष केल्याचा फ्लॅग पडला, त्या पंधरा यार्डांच्या फायद्यावर लुइझियाना स्टेटने सामना फिरवला. कॉन्फरन्सने नंतर म्हटले की चित्रणात त्या फ्लॅगला आधार सापडत नाही. दोन आठवड्यांत याच चमूच्या फ्लोरिडा–आर्कान्सा सामन्यातल्या एका फ्लॅगबद्दल पुन्हा तेच म्हणावे लागले. 2016 मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या मैदानावर वेळ संपली असताना पंचांनी सेंट्रल मिशिगनला नियमात न बसणारी एक जादा खेळी दिली, त्यावर लांब फेक आणि त्यानंतर बाजूला दिलेला चेंडू यांच्या जोरावर 30–27 असा निकाल लागला, आणि पुन्हा निलंबन झाले. 2025 मध्ये ऑबर्नविरुद्ध ओक्लाहोमाचा आयझाया सटेग्ना बाहेर जात असल्याचे भासवून कडेलाच थांबला आणि मोकळ्या मैदानात टचडाउन झेलून गेला. सामना संपल्यावर कॉन्फरन्सने सांगितले की त्या चालीवर पेनल्टी द्यायला हवी होती. या सगळ्यांत आपण शिक्षा केली किंवा चुकीची कबुली दिली, पण पंच स्वतः क्वचितच बोलले. त्यांना काय दिसले, उजेड कसा होता, समोर कोण आडवे आले, नियमाचा कोणता अर्थ त्यांनी लावला, हे कळले असते तर पुढच्या शनिवारी टीव्हीसमोर बसलेल्या बापाने मुलाला काहीतरी समजावता आले असते. आता तो फक्त म्हणतो, "सगळे विकले गेलेत."

हे वाक्य आता हलक्यात घेण्यासारखे राहिलेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2018 च्या निकालानंतर तीसहून अधिक राज्यांनी क्रीडा-सट्टा कायदेशीर केला आहे. आमच्या टेक्सासमध्ये तो अजून नाही, पण टेक्सासच्या सामन्यावर पैसे लावायला टेक्सासमध्ये राहावे लागत नाही. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या प्रक्षेपणाचा ईएसपीएन या क्रीडावाहिनीबरोबरचा सहा वर्षांचा करार सुमारे 7.8 अब्ज डॉलरचा आहे. 2025–26 पासून विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात; त्या पहिल्या वर्षाची मर्यादा साडेवीस दशलक्ष डॉलर होती. या सगळ्या पैशाचे भवितव्य एका फ्लॅगवर ठरू शकते, आणि तो फ्लॅग टाकणारा माणूस आठवड्याचे पाच दिवस विमा, शाळा किंवा बांधकामाच्या नोकरीवर असतो आणि सामन्यागणिक मानधन घेतो. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटतो. म्हणूनच त्याच्या मौनामुळे त्याच्यावर कसलाही आरोप करता येतो, हे पटत नाही.

आपल्याकडून यावर येणारे उत्तर मला माहीत आहे : पंचांना पुढे आणले तर त्यांच्या जिवाला धोका वाढेल. धोका खरा आहे. सप्टेंबर 2006 मध्ये ओरेगनने ओक्लाहोमाला 34–33 असे हरवले, त्या सामन्यात ऑनसाइड किकचा (लाथ मारणाऱ्या संघाने स्वतःच परत मिळवू पाहिलेल्या छोट्या किकचा) चेंडू दहा यार्ड जाण्याआधीच ओरेगनच्या खेळाडूला लागला होता आणि शेवटी तो ओक्लाहोमाच्या खेळाडूच्या हातात होता, तरी तो ओरेगनला मिळाला आणि रिप्लेनंतरही निर्णय बदलला नाही. रिप्लेची जबाबदारी असलेल्या गॉर्डन रीज यांना त्यानंतर धमक्यांचे फोन आले आणि त्यांनी तो हंगाम सोडला. पण ते माइकवर आले म्हणून हे घडले नव्हते. ते बंद खोलीत होते, कोणालाही दिसत नव्हते, त्यांच्यासमोर नेमके कोणते चित्र आले होते हे लोकांना ठाऊक नव्हते, आणि लोकांनी ती जागा आपल्या संतापाने भरून काढली. नाव सगळ्यांना माहीत आणि कारण कोणालाच माहीत नाही, ही पंचासाठी सर्वांत असुरक्षित अवस्था आहे.

याच्या शेजारी पंच टेरी पोर्टर यांना ठेवून पाहावे. 3 जानेवारी 2003 च्या फिएस्टा बोल या विजेतेपदाच्या सामन्यात मायामी जादा वेळेत 24–17 असे पुढे होते, ओहायो स्टेटचा चौथ्या डाउनचा पास खाली पडला, मायामीचे खेळाडू नाचत मैदानात आले, फटाके उडू लागले, आणि मग काही सेकंदांनी पोर्टर यांनी मायामीविरुद्ध फ्लॅग टाकला. ओहायो स्टेट पुढे दुसऱ्या जादा वेळेत 31–24 असे जिंकून राष्ट्रीय विजेते झाले. मायामीचे चाहते तो फ्लॅग आजही विसरलेले नाहीत. परंतु पोर्टर यांनी सांगितले, की चेंडू हवेत जाण्याआधीच धरपकड दिसली होती, आणि खात्री व्हावी म्हणून मी तो प्रसंग मनात पुन्हा एकदा चालवून पाहिला, मग फ्लॅग टाकला. हे स्पष्टीकरण पटो वा न पटो, त्याच्याशी वाद घालता येतो. तो उशीर लपवाछपवी नव्हती, विचार होता, हे निदान समजते. मला स्वतःला तो फ्लॅग योग्य वाटतो, पण इतका उशीर कोणत्याही पंचाने करू नये असेही वाटते.

पंच सहसा बोलत नाहीत, आणि प्रशिक्षकांनाही आपण बोलू देत नाही. 2016 मध्ये मिशिगन ओहायो स्टेटकडून दुसऱ्या जादा वेळेत 27–30 असे हरले. चौथ्या डाउनला ओहायो स्टेटचा जे. टी. बॅरेट हवी ती रेषा गाठू शकला की नाही, यावर आजही एकमत नाही. मिशिगनचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांनी पंचगिरीवर जाहीर नाराजी व्यक्त केली, म्हणून बिग टेनने मिशिगनला दहा हजार डॉलरचा दंड केला. 2020 मध्ये मिसिसिपीचे तेव्हाचे प्रशिक्षक लेन किफिन यांना पंचांविषयीची एक पोस्ट समाजमाध्यमावर पुढे पाठवल्याबद्दल पंचवीस हजारांचा दंड झाला. प्रशिक्षकांनी तोंड सांभाळावे हे मला मान्य आहे. पण दोन्ही बाजूंची तोंडे बंद केल्यावर प्रेक्षकाला उरतात ती फक्त टीव्हीवरच्या माजी खेळाडूंची अनुमाने, आणि त्यांना दंड करणारे कोणी नाही.

हे सगळे बदलता येते, याचा पुरावा आपल्यापैकीच एकाकडे आहे. 2025 च्या हंगामात अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने काही निवडक सामन्यांत रिप्ले केंद्र आणि मैदानावरचे पंच यांचे संभाषण थेट प्रक्षेपणात ऐकवायला सुरुवात केली. क्रिकेट पाहणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये डर्बनला तिसऱ्या पंचाने धावबाद ठरवलेला पहिला फलंदाज आमचा सचिन तेंडुलकर होता. तेव्हा प्रेक्षकांना फक्त दिवा दिसायचा. आज तोच तिसरा पंच "बॅटवर काही दिसत नाही, पुढे चला, चेंडू कुठे पडला ते दाखवा" अशी एकेक पायरी सगळ्या जगाला ऐकू येईल अशी बोलतो. निर्णय विरोधात गेला तरी चिडण्याआधी माणूस तो ऐकून घेतो, कारण तो आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेला असतो.

म्हणून आपणा सर्वांकडे मागणी अशी, की अटलांटिक कोस्टने सुरू केलेले हे ऐकवणे चारही कॉन्फरन्सच्या सर्व प्रक्षेपित सामन्यांना लागू करावे. एकदा जाहीर केलेला निर्णय किंवा टाकलेला फ्लॅग मागे घेतला गेला, तर मुख्य पंचाने त्याच वेळी माइकवरून कोणत्या पंचाने काय पाहिले म्हणून तो मागे घेतला हे सांगणे बंधनकारक करावे. "फाउल नाही" एवढे पुरेसे मानू नये. व्यावसायिक एनएफएलमध्ये सामन्यानंतर एक पत्रकार सर्वांच्या वतीने मुख्य पंचाला प्रश्न विचारू शकतो, तशी सोय इथेही प्रत्येक सामन्यानंतर असावी, निव्वळ मोठे वादळ उठल्यावर नव्हे. बास्केटबॉलच्या एनबीएने 2015 पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतले निर्णय तपासून प्रसिद्ध केले आहेत; चौथ्या क्वार्टरपुरते तरी आपण तेवढे करावे, आणि चुकलेल्या निर्णयांइतकेच बरोबर निघालेले निर्णयही त्यात छापावेत, कारण पंचांची बाजू त्यातूनच मांडली जाते.

मैदानात वस्तू पडल्यावर खेळ थांबला असेल, तर त्या दरम्यान निर्णय बदलण्यासाठी एक वेगळी अटही हवी. वस्तू पडण्याआधी चर्चा सुरू झाली होती असे मुख्य पंच सांगू शकत असेल तरच बदल व्हावा. नाहीतर आधीचा निर्णय कायम राहावा, चुकीचा असला तरी. हे कठोर आहे, आणि ऑस्टिनच्या त्या रात्री ते टेक्सासच्या, म्हणजे माझ्या घरच्या संघाच्या, विरुद्ध जाऊ शकले असते. तरी मी ते मागतो आहे.

ही शेवटची अट नियम समितीच्या हिवाळी बैठकीत मांडावी लागेल. बाकीच्या मागण्यांसाठी बहुतांशी आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे आहे. जुलैमध्ये आपले मीडिया डेज भरतात आणि आपण प्रत्येक जण व्यासपीठावरून तासभर बोलता. त्या तासातली पाच मिनिटे या विषयासाठी राखून, यांपैकी कोणत्या गोष्टी ऑगस्टअखेरच्या पहिल्या सामन्यापासून लागू होतील आणि कोणत्या होणार नाहीत, हे कारणांसह सांगावे, ही विनंती.

आपला,
टेक्सासमधील एक पालक आणि प्रेक्षक